‘सोमवारपर्यंत’ म्हणजे ‘बाय मंडे’ की ‘अन्टिल मंडे’?

या वेळी किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांचे विषय वेगवेगळे आहेत: आंब्याची ऑर्डर, मच्छीमार संस्थेची सूचना, घरगुती निवासाचं बुकिंग, दहावीचा वर्ग. अडकण्याची जागा मात्र सगळ्यांची एकच आहे. मराठी ‘पर्यंत’साठी इंग्रजीत ‘बाय’ लिहायचं की ‘अन्टिल’? म्हणून इतर शंका पुढच्या अंकात घेऊ आणि हे सदर या दोन शब्दांनाच देऊ. इंग्रजी वाक्यं नेहमीप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : दुबईच्या एका ग्राहकाला हापूसच्या पेट्यांचे पैसे शुक्रवारपर्यंत पाठवायला सांगायचे होते. मी ‘प्लीज सेंड द पेमेंट अन्टिल फ्रायडे’ असं लिहिलं. त्याने उलट विचारलं, ‘म्हणजे शुक्रवारनंतर पैसे पाठवायचे नाहीत का?’ वाक्यात चूक काय झाली? (एक आंबा बागायतदार, देवगड)

तुमच्या वाक्याचा त्याला लागलेला अर्थ असा: शुक्रवार येईपर्यंत पैसे पाठवत राहा, मग थांबवा. त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त आहे. इथे हवं होतं, ‘प्लीज सेंड द पेमेंट बाय फ्रायडे.’

‘बाय’ मुदत सांगतो. काम त्या वेळेला किंवा त्याआधी केव्हाही, पण एकदा पुरं व्हायचं आहे. मंगळवारी झालं तरी चालेल, शुक्रवारी झालं तरी चालेल, शनिवारी झालं तर उशीर. ‘अन्टिल’ मुदत सांगत नाही. आधीपासून चालू असलेली गोष्ट कुठवर चालू राहील आणि केव्हा थांबेल किंवा बदलेल, ते तो सांगतो. ‘द शॉप इज ओपन अन्टिल नाइन’ म्हणजे नऊ वाजेस्तोवर प्रत्येक क्षणी दुकान उघडं आहे.

मराठीत हा फरक ‘पर्यंत’ या शब्दात नसतो, तो क्रियापदात असतो. ‘पाठवून द्या’, ‘भरून टाका’, ‘काम होईल’, ‘गाडी पोचेल’ या सगळ्यांत काम एकदाचं पुरं होतं, म्हणून ‘बाय’. ‘पाठवत राहा’, ‘थांबा’, ‘बसून राहा’, ‘चालू असेल’, ‘बंद राहील’ यांत काहीतरी चालू राहतं, म्हणून ‘अन्टिल’. आपल्या सहायक क्रियापदांकडे नीट पाहिलं तर उत्तर तिथेच सापडतं, इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडावंही लागत नाही. एकटं ‘ठेवणे’ फसवं आहे. ‘पेट्या संध्याकाळपर्यंत बांधून ठेवा’ यात बांधणं पुरं करायचं आहे, म्हणून ‘बाय’. ‘पेट्या संध्याकाळपर्यंत सावलीत ठेवा’ यात पेट्या सावलीतच राहायच्या आहेत, म्हणून ‘अन्टिल’.

तरीही शंका राहिली तर ‘पर्यंत’ काढा आणि ‘उशिरात उशिरा’ घालून वाक्य म्हणून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी पैसे पाठवा’ हे बरोबर वाटतं, म्हणून ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांबा’ हे कानाला खटकतं, म्हणून ‘अन्टिल’.

तुमच्या व्यवसायात एक बारीक गोष्ट वारंवार येईल. एकच क्रियापद दोन्हीकडे जाऊ शकतं, आणि मग त्याच्या कर्माकडे पाहावं लागतं. ‘वी विल पॅक मँगोज अन्टिल सिक्स’ बरोबर आहे. किती आंबे ते ठरलेलं नाही, भराई सहा वाजेपर्यंत चालेल. ‘वी विल पॅक फॉर्टी बॉक्सेस बाय सिक्स’ हेही बरोबर आहे. चाळीस पेट्या हा आकडा ठरलेला आहे, तो सहाच्या आत गाठायचा आहे. चाळीस पेट्यांच्या वाक्यात ‘अन्टिल’ घातलं की अर्थ डळमळतो आणि ग्राहक पुन्हा फोन करतो.

ग्राहक परदेशातला असेल तर वार लिहून थांबू नका, वेळही लिहा: ‘बाय फाइव्ह पीएम, इंडियन टाइम, ऑन फ्रायडे.’ दुबईचं घड्याळ आपल्या मागे दीड तास आहे. आपल्याकडे पाच वाजतात तेव्हा तिथे साडेतीनच झालेले असतात, आणि ‘बाय फ्रायडे’ म्हणजे त्याच्या शुक्रवारचं कामकाज संपेपर्यंत, असा अर्थ त्याने घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रश्न : पावसाळी मासेमारी बंदीची सूचना बंदरावर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लावायची आहे. परराज्यांतल्या बोटींचे तांडेल आणि खलाशीही ती वाचतात. ‘३१ मेपर्यंत बोटी बंदरात आल्या पाहिजेत’ आणि ‘३१ जुलैपर्यंत बंदरातच राहिल्या पाहिजेत’ ही दोन वाक्यं कशी लिहावीत? (मच्छीमार सहकारी संस्थेचे एक पदाधिकारी, रत्नागिरी)

तुमच्या दोन वाक्यांत सगळा विषय आला आहे. पहिल्यात परत येणं एकदाच घडतं: ‘ऑल मेकॅनाइज्ड बोट्स मस्ट रिटर्न टू हार्बर बाय ३१ मे.’ दुसऱ्यात राहणं चालू असतं: ‘दे मस्ट स्टे इन हार्बर अन्टिल ३१ जुलै.’ अदलाबदल झाली तर पहिलं वाक्य ‘३१ मे येईपर्यंत परत येत राहा’ असं काहीतरी होईल आणि दुसऱ्याला अर्थच उरणार नाही, कारण ‘स्टे बाय ३१ जुलै’ असं कोणी म्हणत नाही.

आता सूचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. ‘अन्टिल ३१ जुलै’ म्हणजे ३१ तारीख बंदीत धरायची की नाही? रोजच्या बोलण्यात बहुतेक लोक धरतात, पण नियमाच्या भाषेत यावरून वाद होऊ शकतो. बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, तेव्हा सूचनेत ‘अन्टिल’वर सगळा भार टाकू नका. ‘फ्रॉम १ जून टू ३१ जुलै, बोथ डेज इन्क्लूसिव्ह’ असं लिहा आणि खाली एक ओळ जोडा, ‘फिशिंग मे रिझ्यूम ऑन १ ऑगस्ट.’ बंदी सुरू होण्याची तारीख, शेवटची तारीख आणि पुन्हा सुरू होण्याची तारीख, अशा तिन्ही तारखा उघड दिसल्या की वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. अमेरिकन इंग्रजीत यासाठी ‘थ्रू ३१ जुलै’ असंही लिहितात, त्यात शेवटचा दिवस नक्की धरलेला असतो. पण आपल्याकडे ती पद्धत रुळलेली नाही, ती टाळा.

‘बाय’बाबत असा वाद नाही. ‘बाय ३१ मे’ यात ३१ तारीख धरलेलीच असते. ती वगळायची असेल तर ‘बिफोर ३१ मे’ लिहायचं, म्हणजे ३० मेच्या रात्रीपर्यंत. सूचना लिहिताना ‘बाय’ आणि ‘बिफोर’ एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि एक दिवसाच्या फरकाने एखाद्या बोटीवर दंडाची वेळ येऊ शकते.

प्रश्न : फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर मी काम करतो. भरती-ओहोटीमुळे बोट अडली की पर्यटकांना ‘चारपर्यंत बोट येणार नाही’ असं इंग्रजीत सांगावं लागतं. ‘नॉट बाय फोर’ म्हणावं की ‘नॉट अन्टिल फोर’? (एक वाचक, दाभोळ)

दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत. पण प्रवासी दोन्ही ऐकून वेगवेगळं वागेल.

‘द बोट वोन्ट कम अन्टिल फोर’ ऐकून त्याला कळतं की चारच्या आधी बोट नाही, चारला किंवा चारच्या सुमारास येईल. तो चहा घेईल आणि पावणेचारला धक्क्यावर हजर होईल. ‘द बोट वोन्ट बी हिअर बाय फोर’ यातून त्याला एवढंच कळतं की चार वाजतील तेव्हा बोट आलेली नसेल. पुढे पाचला येईल, सहाला येईल की आज येणारच नाही, याबद्दल वाक्य काही सांगत नाही. असा प्रवासी गाडी वळवून रस्त्याने जायचा विचार करेल.

म्हणजे ‘नॉट अन्टिल’मध्ये नकार असला तरी आत होकार दडलेला असतो: त्या वेळेला गोष्ट घडेल. वेळ नक्की माहीत असेल तर ‘नॉट अन्टिल’ म्हणा. माहीत नसेल तर ‘नॉट बाय’ म्हणून पुढे ‘वी डोन्ट नो व्हेन’ हे स्पष्ट सांगा.

इथे एखाद्याला वाटेल की ‘येणं’ हे तर एकदाच घडणारं क्रियापद, मग त्याच्यासोबत ‘अन्टिल’ कसं चालतं? ‘येणं’ एकदा घडतं, पण ‘न येणं’ सतत चालू असतं. दुपारी एक वाजता बोट आलेली नाही, दोनला नाही, तीनला नाही. ही ‘नाही’ची अवस्था चारला संपते, म्हणून ‘अन्टिल’. होकारार्थी वाक्यात ‘द बोट विल कम अन्टिल फोर’ चालत नाही, नकारार्थी वाक्यात चालतं, त्याचं कारण हे.

प्रश्न : दहावीची मुलं ‘मी येईपर्यंत थांब’ याचं ‘वेट अन्टिल आय डोन्ट कम’ असं भाषांतर करतात. दरवर्षी सांगूनही तीच चूक होते. स्पर्धा परीक्षेला बसलेली मुलं ‘नॉट अन्टिल’च्या वाक्यात अडखळतात. वर्गात हे कसं घ्यावं? (एक शिक्षिका, राजापूर तालुका)

चूक दरवर्षी होते, कारण ती मुलांच्या निष्काळजीपणातून येत नाही. ती थेट मराठीच्या वाक्यरचनेतून येते. म्हणून उपायही मराठीतूनच करायला हवा, आणि या चुकीला उपाय आहे.

मराठीत हा आशय दोन तऱ्हांनी सांगता येतो. ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत इथेच बस’ ही एक तऱ्हा, ‘पाऊस थांबेपर्यंत इथेच बस’ ही दुसरी. पहिलीत ‘नाही’ आहे, दुसरीत नाही, अर्थ एकच. इंग्रजी ‘अन्टिल’ची रचना दुसऱ्या तऱ्हेशी जुळते. मुलं पहिल्या तऱ्हेचं वाक्य मनात धरतात आणि त्यातलं ‘नाही’ तसंच इंग्रजीत नेतात.

तेव्हा वर्गात पहिले दोन तास इंग्रजी लिहूच देऊ नका. फळ्यावर ‘जोपर्यंत... नाही तोपर्यंत’ची दहा वाक्यं लिहा आणि मुलांकडून ती ‘येईपर्यंत, थांबेपर्यंत, उघडेपर्यंत, मिळेपर्यंत’ अशी करून घ्या. ‘जोपर्यंत गाडी सुटत नाही’ म्हणजे ‘गाडी सुटेपर्यंत’. ‘जोपर्यंत भात शिजत नाही’ म्हणजे ‘भात शिजेपर्यंत’. हे हातात बसल्यावरच इंग्रजीकडे वळा: ‘अन्टिल द ट्रेन लीव्ह्ज’, ‘अन्टिल द राइस इज कुक्ड’. ‘डोन्ट’ आपोआप गळून पडतं. ‘विल’ही येऊ देऊ नका. गोष्ट पुढे घडणार असली तरी ‘अन्टिल’नंतर साधा वर्तमानकाळ: ‘वेट अन्टिल आय कम.’ ‘अन्टिल आय विल कम’ चूक.

दुसऱ्या टप्प्यावर मुलांना एक अडचण दाखवा. ‘मी येईपर्यंत थांब’ आणि ‘मी येईपर्यंत स्वयंपाक करून ठेव’ या दोन्हींत ‘येईपर्यंत’ आहे. पहिल्यात थांबणं चालू राहतं, म्हणून ‘अन्टिल आय कम’. दुसऱ्यात स्वयंपाक पुरा व्हायचा आहे, म्हणजे ‘बाय’ची जागा. पण ‘बाय’च्या पुढे संपूर्ण वाक्य येऊ शकत नाही, ‘बाय आय कम’ होत नाही. तिथे ‘बाय द टाइम आय कम’ लागतं. यानंतरही ‘विल’ नको. मुख्य वाक्यात मात्र बहुधा पूर्णकाळ येतो: ‘बाय द टाइम यू रीच कुडाळ, द बस विल हॅव लेफ्ट.’ भूतकाळात ‘बाय द टाइम वी रीच्ड मांडवा, द लास्ट बोट हॅड लेफ्ट.’

फळ्यावर आकृती काढायची असेल तर एक आडवी रेषा आणि तिच्यावर एक उभी खूण पुरते. ‘अन्टिल’साठी डावीकडून खुणेपर्यंत रेषा ठळक करा. ‘बाय’साठी खुणेच्या डावीकडे कुठेही एकच ठिपका द्या आणि मुलांना सांगा की हा ठिपका खुणेपर्यंत सरकू शकतो, खुणेवरही येऊ शकतो, पलीकडे जाऊ शकत नाही.

सरावाला ही वाक्यं घ्या, त्यांची क्रमवारी मुद्दाम मोडली आहे. ‘गणपतीपर्यंत घराची रंगरंगोटी व्हायला हवी’ (बाय). ‘चाकरमानी अनंत चतुर्दशीपर्यंत गावी राहतील’ (अन्टिल). ‘पालखी देवळात येईपर्यंत कोणी जेवलं नाही’ (अन्टिल). ‘पालखी देवळात येईपर्यंत रांगोळ्या काढून झाल्या होत्या’ (बाय द टाइम). ‘नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात जात नाहीत’ (नॉट अन्टिल). ‘दुपारपर्यंत रापण ओढून झाली’ (बाय). ‘दुपारपर्यंत रापण ओढत होते’ (अन्टिल). शेवटची दोन एकाखाली एक लिहा. ‘ओढून झाली’ आणि ‘ओढत होते’ एवढाच फरक आहे, आणि तो मुलांच्या स्वतःच्या बोलण्यातला आहे.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी: ‘नॉट अन्टिल’ने वाक्य सुरू झालं की मुख्य वाक्यातलं सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. ‘नॉट अन्टिल द रेन स्टॉप्ड डिड द बोट्स गो आउट.’ उलटापालट मुख्य वाक्यात होते, ‘अन्टिल’च्या पोटवाक्यात नाही. ‘नॉट अन्टिल डिड द रेन स्टॉप’ असा पर्याय परीक्षेत मुद्दाम दिलेला असतो. ‘इट वॉज नॉट अन्टिल... दॅट’ने सुरुवात केली तर उलटापालट अजिबात नाही: ‘इट वॉज नॉट अन्टिल द रेन स्टॉप्ड दॅट द बोट्स वेन्ट आउट.’

‘अन्टिल अँड अनलेस’ ही जोडगोळीही मुलांना सोडायला लावा. ‘अनलेस’ अट सांगतं, ‘अन्टिल’ वेळ सांगतं. ‘यू वोन्ट गेट द हॉल टिकेट अन्टिल यू पे द फी’ यात फी केव्हातरी भरली जाईल हे गृहीत आहे. ‘अनलेस यू पे’ म्हटलं की ती भरली जाईलच असं गृहीत नाही. दोन्हींपैकी जे म्हणायचं आहे ते एकच लिहावं.

प्रश्न : आमच्या निवास-न्याहारीच्या घरी पाहुणे विचारतात, ‘इज द रूम फ्री बाय १२ मे?’ कधी ‘अन्टिल १२ मे?’ उत्तर काय द्यायचं कळत नाही. (एक गृहिणी, तारकर्ली)

‘फ्री अन्टिल १२ मे’ म्हणजे आजपासून खोली रिकामी आहे आणि १२ तारखेला कोणीतरी येणार. ‘फ्री बाय १२ मे’ म्हणजे आत्ता कोणीतरी आहे, पण १२ तारीख उजाडेल तेव्हा ती रिकामी झालेली असेल. अर्थ जवळजवळ उलटे आहेत. विचारणाऱ्याने शब्द विचार करून वापरला असेलच असं धरून चालू नका. उत्तरात दोन्ही शब्द टाळा आणि तारखा द्या: ‘चेक-इन १० मे, १२ नून, चेक-आउट १२ मे, १० एएम, टू नाइट्स.’ रात्री किती ते लिहिलं की तारखेचा गोंधळ उरत नाही.

आगाऊ रकमेसाठी मात्र ‘बाय’ हवाच, आणि खोली धरून ठेवण्यासाठी ‘अन्टिल’: ‘वी विल होल्ड द रूम अन्टिल फ्रायडे. प्लीज पे द अॅडव्हान्स बाय फ्रायडे.’ ही दोन वाक्यं अशीच उतरवून घ्या. शुक्रवारपर्यंत खोली धरलेली राहील, आणि शुक्रवारपर्यंत पैसे यायला हवेत.

‘तीन दिवसांत कळवते’ याबद्दलही लिहून ठेवते. ‘इन थ्री डेज’ म्हणजे तीन दिवसांनी. तीन दिवसांच्या आत म्हणायचं असेल तर ‘विदिन थ्री डेज’.

प्रश्न : ‘आम्ही रत्नागिरीपर्यंत गेलो’ याला ‘वी वेन्ट अन्टिल रत्नागिरी’ का चालत नाही? (एक विद्यार्थी, चिपळूण)

‘अन्टिल’ वेळेसाठी आहे, जागेसाठी नाही. जागेसाठी ‘अॅज फार अॅज रत्नागिरी’ किंवा नुसतं ‘टू रत्नागिरी’. ‘बाय रत्नागिरी’ म्हटलंत तर रत्नागिरीच्या जवळून गेलात असा अर्थ होईल. संख्येसाठी ‘अप टू’: दहा जणांपर्यंत म्हणजे ‘अप टू टेन पीपल’.

‘स्टे ऑन द ट्रेन अन्टिल रत्नागिरी’ हे मात्र बरोबर आहे, कारण तिथे गाडीत बसून राहणं चालू आहे आणि स्टेशनचं नाव ते येण्याच्या वेळेऐवजी आलं आहे.

प्रश्न : ‘आतापर्यंत’ला ‘टिल नाऊ’ म्हणतात ना? आणि ‘टिल’ हे ‘अन्टिल’चं संक्षिप्त रूप आहे का? (एक बँक कर्मचारी, अलिबाग)

‘आतापर्यंत’ला इंग्रजीत एक शब्द नाही. ‘आतापर्यंत रक्कम जमा झालेली नाही’ याला ‘द अमाउंट हॅज नॉट बीन क्रेडिटेड येट’. ‘आतापर्यंत पाच अर्ज आले’ याला ‘वी हॅव रिसीव्ह्ड फाइव्ह अॅप्लिकेशन्स सो फार’. ‘आतापर्यंत चेक पोचला असेल’ याला ‘द चेक मस्ट हॅव रीच्ड बाय नाऊ’. ‘टिल नाऊ’ तेव्हाच वापरा जेव्हा आजवर चाललेली गोष्ट आता बदलते आहे: ‘टिल नाऊ वी अॅक्सेप्टेड कॅश, फ्रॉम टुडे वी विल नॉट.’ ग्राहकाला ‘द अमाउंट हॅज नॉट कम टिल नाऊ’ असं लिहिलं तर ‘मग आता आली का?’ असा प्रश्न येऊ शकतो.

‘टिल’ हे ‘अन्टिल’चं तोडलेलं रूप नाही. तोच जुना शब्द आहे, ‘अन्टिल’ नंतर आला. अर्थ एकच आहे. औपचारिक पत्रात आणि वाक्याच्या आरंभी ‘अन्टिल’ बरं दिसतं, बोलण्यात ‘टिल’ चालतं. लिहिताना ‘टिल’मध्ये दोन एल, ‘अन्टिल’मध्ये एकच. ‘टिल’च्या आधी स्वल्पविरामासारखी खूण देऊन एकाच एलने लिहिण्याची जी पद्धत दिसते, ती बँकेच्या पत्रात वापरू नका.